गावंना

रात्रीचे साडेदहा. उद्यमनगरात
शेजारच्या गाळ्यातलं लेथ आत्ताच थांबलंय,
कानात अजून त्याचंच फिरणं.
गेटवर पुण्याचा ट्रक, ड्रायव्हर केबिनमध्ये आडवा.
दोनशे चाळीस हौसिंगं पेट्यांत भरून तयार,
फक्त तपासणीचा कागद निघायचाय.
हीट नंबर चारशे सतरा.
कार्बन किती, सिलिकॉन किती, एवढंच.

बटण दाबते. काळ्या पडद्यावर तांबडी ओळ:
अशी फाईल नाही.

आहे की. ही काय.
पिवळ्या फोल्डरवर मी बोट ठेवून दाखवते,
जणू यंत्राला बोट दिसतं.

"गावंना व्हय?" इलाहीमामा दारातनं विचारतात.
ड्यूटी संपलीय त्यांची. थोरला, मन्सूर,
मार्चात भट्टीवर लागला; त्याच्या गाडीवरनं
जायचं म्हणून थांबलेत.
"गावंना," मी म्हणते.
आमच्या धंद्यात याला लांबलचक नाव आहे,
इथं एवढ्यावर भागतं.

एकतीस वर्षं पॅटर्न स्टोअर मामांकडं.
लाकडी साचे: पंपाचे, चरकाचे, बंद पडलेल्या कंपन्यांचे.
रजिस्टर नाही. विचारलं की सांगतात,
आत जा, डाव्या हाताला दुसरी फळी,
तेलाच्या डब्यामागं.
एकदा नव्या पोराला असंच फोनवर सांगितलं
आणि पोरगं उभं मागच्या दारात.
"डावं उजवं झालं की गं त्याचं.
तासभर हुडकलं,
गावली काय, तर उंदराची पिल्लं."

हसते मी. हसता हसता थांबते.
माझा प्रोग्रॅम
कुठल्या दारात उभा आहे?

एका ओळीत विचारता येतं त्याला, विचारलं.
म्हणाला, डेस्कटॉपवर.
मी धरून चालले होते की तो माझ्याजवळ असेल,
जिथं त्याला लिहिलं त्याच फोल्डरात.
दुपारी कुणीतरी मालकांच्या सोयीसाठी
शॉर्टकट काढून दिला,
तेव्हापासनं परक्या दारात उभं राहून
डाव्या हाताची दुसरी फळी शोधतोय बिचारा.

मग पुरा पत्ता लिहिला. डी ड्राईव्हच्या उंबऱ्यापासनं
फळीपर्यंत, काही न गाळता.

परत तांबडी ओळ.

आता मी गप्प. त्याला पत्ता जसा दिसतो
तसा छापून घेतला:

डी:\काम
ओंदी\हीट४१७

ओळ मधेच मोडलेली.
तिरक्या रेघेला चिकटून 'नोंदी'चा न आला
आणि यंत्र समजलं, नवी ओळ घे.
मी लिहिलं होतं नाव,
त्यानं वाचला हुकूम.

मामा वाकून बघतात. एकेक अक्षर लावत वाचतात,
"ओंदी कुठलं गाव गं? गडहिंग्लजकडं?"

रेघ दुहेरी केली. एवढीच दुरुस्ती,
पाव इंचाचीसुद्धा नाही.
बटण.

उघडली. चारशे सतरा, सगळे रकाने भरलेले.
"गावली!" मामांनी टेबलावर थाप मारली,
ग्लासातला चहा हिंदकळला.

कार्बन ठीक.
सिलिकॉन दोन पॉइंट नऊ.
गिऱ्हाइकाची हद्द दोन पॉइंट चार.

मी परत वाचलं. आकडा हलला नाही.
बाहेर ड्रायव्हर उठलाय, टायरवर
पाण्याची बाटली रिकामी करतोय,
दोनशे चाळीस हौसिंगं
गावेपर्यंत चांगली होती.

शेवटचा रकाना: भट्टीवर कोण.
पडदा वर सरकवायला हवा होता मी,
हात माऊसवरच राहिला.
मामांनी चष्मा लावला,
काचेवर बोट टेकवून
पहिलं अक्षर लावलं:
"एम..."